दिवस सगळ्यांचा, कात्री कोणाची?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवीला शिकवते. गाव यंत्रमागांचे. गेल्या वर्षी मुलींना एक साधे काम दिले : ‘मेरा एक दिन’ या विषयावर कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत लिहून आणायचा. दुसऱ्या दिवशी वह्या गोळा केल्या. एका वहीत एकच ओळ होती, ‘कल कुछ नहीं हुआ.’ मुलीला जवळ बोलावून विचारले. ती म्हणाली, “आपा, कुछ हुआच नहीं तो क्या लिखूं?”

मी म्हटले, लिहू नकोस, तोंडी सांग. मग ती सांगू लागली. पहाटे नळाला पाणी येते म्हणून उठली. बारा हंडे भरले. रात्रपाळी करून अब्बा आले, त्यांना चहा केला. घरात कांडी भरायचे यंत्र आहे, तिथे अम्मीच्या शेजारी तासभर बसली. धाकट्याला मदरशात सोडले. शाळेत आली. घरी जाऊन कपडे धुतले. दादीच्या गोळ्यांच्या पाकिटावरचे इंग्रजी नाव वाचून तिला गोळी दिली. रात्री वीज गेली तेव्हा मोबाइलच्या उजेडात गणिते सोडवली. एवढे सांगून ती थांबली आणि म्हणाली, “बस, बाकी कुछ नहीं.”

तिचे बोलणे ऐकताना मला एक इंग्रजी चित्रपट आठवला. त्याच्या शेवटी एक तरुणी मोटारीत बसलेली आहे, बाहेर वादळी पाऊस आहे. ती कॅमेऱ्याला सांगते की दिवसभर काहीतरी मोठे घडेल याची वाट पाहिली आणि तसे काही घडलेच नाही. दोघी एकच बोलतात. पण त्या तरुणीचे ‘काही घडले नाही’ चित्रपटाच्या शेवटी आले आणि ते लाखो लोकांनी पाहिले. आमच्या मुलीचे ‘कुछ नहीं हुआ’ वहीत राहिले. हा फरक नशिबाचा आहे असे मी मानत नाही. तो कसा घडतो ते तपासायला हवे.

त्या चित्रपटाचे नाव ‘लाइफ इन अ डे’. ‘यूट्यूब’ने 2010 साली जगातल्या सर्वसामान्य माणसांना आवाहन केले की 24 जुलै 2010 या एका दिवशी तुमचे आयुष्य चित्रित करा आणि आम्हाला पाठवा. सोबत काही प्रश्न दिले. तुम्हाला काय आवडते? कशाची भीती वाटते? तुमच्या खिशात काय आहे? 192 देशांतून सुमारे 80 हजार चित्रफिती आल्या. एकूण चित्रण 4,500 तासांचे झाले. त्यातून केव्हिन मॅकडोनाल्ड या दिग्दर्शकाने आणि जो वॉकर या संकलकाने 95 मिनिटांचा चित्रपट काढला. निर्मात्यांत रिडली स्कॉट होते. जानेवारी 2011 मध्ये तो सनडान्स महोत्सवात आणि त्याच वेळी इंटरनेटवर दाखवला गेला. तीच कल्पना घेऊन भारतात 10 ऑक्टोबर 2015 या दिवशी चित्रण मागवण्यात आले आणि रिची मेहता यांनी ‘इंडिया इन अ डे’ केला. 25 जुलै 2020 रोजी, कोरोनाच्या काळात, पुन्हा जगभरातून मागणी झाली. त्या वेळी 3 लाख 24 हजार चित्रफिती आल्या.

चित्रपट वाईट आहे असे मी म्हणत नाही. पेरूमधला बूटपॉलिश करणारा लहान मुलगा सर्वांत आवडती वस्तू म्हणून आपला लॅपटॉप दाखवतो. जपानमध्ये पसाऱ्याने भरलेल्या खोलीत एक बाप आणि त्याचा चिमुकला मुलगा मरण पावलेल्या आईच्या फोटोपुढे उदबत्ती लावतात. सायकलवर जग फिरणारा एक कोरियन माणूस आहे. हे पाहताना माझे डोळे भरून आले, माझ्या मुलींचेही आले. वाद चित्रपटाच्या चांगुलपणाशी नाही. वाद आहे तो ‘हा चित्रपट सगळ्या जगाने मिळून बनवला’ या दाव्याशी.

आधी हिशेब मांडू. 4,500 तास म्हणजे 2 लाख 70 हजार मिनिटे. त्यातली 95 मिनिटे ठेवली, म्हणजे सुमारे 2,800 मिनिटांमागे एक मिनिट. रोज आठ तास बघायचे म्हटले तरी हे सगळे चित्रण पाहायला एका माणसाला दीड वर्षाहून अधिक लागेल. म्हणून वेगवेगळ्या भाषा जाणणारे सुमारे दोन डझन लोक नेमले गेले. ते प्रत्येक चित्रफीत पाहत, तिची नोंद करत आणि एक ते पाच तारे देत. जास्त तारेवाल्या चित्रफिती पुढे जात. मी परीक्षेचे पेपर तपासते, त्यामुळे गुण देणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते हे मला ठाऊक आहे. फरक इतकाच की आमच्या बोर्डाच्या परीक्षेत मुलाला गुणपत्रिका तरी मिळते आणि फेरतपासणीचा अर्ज करता येतो. माणसाच्या आयुष्यातल्या एका दिवसाला दोन तारे का दिले, हे कोणत्या खिडकीवर विचारायचे?

ज्यांच्याकडे कॅमेरे नाहीत त्यांच्यासाठी निर्मात्यांनी सुमारे 400 कॅमेरे गरीब देशांत पाठवले होते. हेतू चांगलाच होता. पण नंतर दिग्दर्शकाने स्वतः कबुली दिली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की थोड्या ठिकाणी कमी कॅमेरे पाठवून लोकांना ते वापरायला शिकवायला हवे होते. आपले मत जगाला सांगण्यालायक आहे ही कल्पनाच अनेकांना परकी आहे, हे आपल्या लक्षात आले नव्हते. हा कबुलीजबाब मला साऱ्या चित्रपटापेक्षा महत्त्वाचा वाटतो. बारा हंडे भरणारी माझी मुलगी ‘कुछ नहीं हुआ’ म्हणते ती याच कारणाने. तिच्या घरात मोबाइल आहे, त्यात कॅमेरा आहे. आपल्या दिवसाला किंमत आहे हे मात्र तिला आजवर कोणी सांगितलेले नाही. ते कोणत्याही कंपनीच्या पार्सलमधून येत नाही.

दुसरा मुद्दा दिवसाच्या निवडीचा. कॅलेंडर काढून पाहा. 24 जुलै 2010 शनिवार होता. 10 ऑक्टोबर 2015 शनिवार होता. 25 जुलै 2020 हाही शनिवारच. शनिवार हा युरोप-अमेरिकेत सुट्टीचा वार. माणूस उशिरा उठतो, मुलांशी खेळतो, कॅमेरा हातात घ्यायला त्याला सवड असते. आमच्या मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात आणि शनिवारी पुन्हा धडधडू लागतात. आमच्या उर्दू शाळेला शुक्रवारी लवकर सुट्टी आणि शनिवारी पूर्ण वेळ. ज्याचा हात दिवसभर मागावर आहे त्याने कॅमेरा कोणत्या हाताने धरायचा? हा वार कोणी कट करून निवडला असे मला म्हणायचे नाही. सगळ्या जगाचा म्हणून एक दिवस निवडताना आपली सुट्टी तीच जगाची सुट्टी, असे वाटून जाणे इतके सहज घडते, हेच दाखवायचे आहे.

आणि ज्यांना कॅमेराच काय, पत्र पाठवायचीही मुभा नव्हती त्यांचे काय? 2006 च्या मालेगाव बॉम्बस्फोटात पकडलेले आपले 9 जण त्या 24 जुलैला तुरुंगात होते. त्यांतल्या सात जणांना नोव्हेंबर 2011 मध्ये जामिनावर सोडले. 2016 साली न्यायालयाने आठ जणांना आरोपमुक्त केले. नववा तो निकाल ऐकायला जिवंत नव्हता. त्याच 2010 च्या उन्हाळ्यात काश्मीर संचारबंदीत होते आणि शंभराहून अधिक माणसे मारली गेली. ‘तुमच्या खिशात काय आहे?’ हा प्रश्न ज्याचा खिसा तुरुंगाच्या दारात रिकामा केला गेला त्याला कोण विचारणार? जगाचा दिवस दाखवणाऱ्याने निदान एवढे तरी म्हणायला हवे की ज्यांना पाठवता आले त्यांचाच हा दिवस आहे.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत गंभीर वाटतो. चित्रपटाची रचना साधर्म्यावर उभी आहे. सगळे उठतात, सगळे दात घासतात, सगळे खातात, प्रेम करतात, घाबरतात. दृश्ये एकापुढे एक ठेवली की आपोआप वाटू लागते, माणूस इथूनतिथून सारखाच. हे म्हणणे खोटे नाही. पण ते अर्धे आहे. चित्रपटात एक अमेरिकन बायको नटूनथटून संगणकापुढे बसते, कारण अफगाणिस्तानात तैनात असलेल्या सैनिक नवऱ्याशी तिला बोलायचे आहे. दुसरीकडे काबूलची वेगळी बाजू दाखवू पाहणारा एक अफगाण छायाचित्रकार आहे. दोन्ही माणसे चांगली, दोन्ही साधी. प्रेक्षक दोघांसाठी हळहळतो. पण एकाच्या देशाची फौज दुसऱ्याच्या गावात बंदूक घेऊन का उभी आहे, हा प्रश्न त्या हळहळीत विरघळून जातो. युद्ध म्हणजे जणू पाऊस. अमेरिकेत पडला, काबूलमध्येही पडला. दुसऱ्याच दिवशी, 25 जुलै 2010 रोजी, ‘विकिलीक्स’ने अफगाण युद्धाची सुमारे 75 हजार गुप्त कागदपत्रे उघड केली. त्यात कोणत्या दिवशी कुठे गोळी चालली, किती मेले, याच्या लष्करानेच लिहिलेल्या नोंदी होत्या. त्याही रोजच्या आयुष्याच्याच नोंदी होत्या. पण त्यांत कारण आणि कर्ता दोन्ही होते. जगापुढे दोन रोजनिशा आल्या. कोणती पाहून रडावे आणि कोणती वाचून जाब विचारावा, हे आपण समजून घ्यायला हवे.

कोणी म्हणेल, बाई, तुम्ही फार ताणता. 95 मिनिटांत कोणी काय काय घालावे? निवड तर करावीच लागते. बरोबर आहे. मी स्वतः वर्गात हा चित्रपट सगळा दाखवला नाही. आठवीच्या मुलींना दाखवण्याजोगे नाहीत अशी दृश्ये त्यात आहेत. मी पंचवीस-तीस मिनिटांचे भाग निवडले आणि बाकीचे पुढे ढकलले. म्हणजे कात्री माझ्याही हातात होती. पण मी मुलींना सांगितले की मी काही भाग वगळले आहेत आणि का वगळले आहेत. एका मुलीने वाद घातला, तेव्हा तिला उत्तर देणे मला भाग पडले. माझी मागणी एवढीच आहे. कात्री चालवा, पण कात्री आमच्याकडे आहे हे सांगा, आणि ज्याचा दिवस कापला त्याला विचारण्याचा हक्क द्या. ‘हा तुमचाच चित्रपट’ असे म्हणून कात्री पाठीमागे लपवू नका.

ही कात्री कशी चालते ते आमच्या शाळेने अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी एका वाहिनीचे लोक आले. म्हणाले, मुस्लिम मुलींच्या शिक्षणावर कार्यक्रम आहे. आम्ही आनंदाने दारे उघडली. त्यांनी प्रयोगशाळेत चित्रण केले, गणिताचा तास घेतला, दोन मुलींनी डॉक्टर व्हायचे आहे म्हणून सांगितले. जाता जाता त्यांनी मुलींना बुरखे घालून फाटकातून पुन्हा एकदा बाहेर यायला लावले. कार्यक्रम लागला तेव्हा सगळे घर टीव्हीपुढे बसले होते. प्रयोगशाळा नव्हती, गणित नव्हते, डॉक्टर व्हायची इच्छा नव्हती. फाटकातून बाहेर येणारे बुरखे होते आणि त्यावर कोणाचा तरी गंभीर आवाज तलाकविषयी बोलत होता. चित्रण आमचे, चेहरे आमचे, अर्थ त्यांचा. त्या दोन मुलींपैकी एकीने मला विचारले, “आपा, हमने तो ये बोलाच नहीं था.” तिला काय सांगायचे ते मला त्या दिवशी सुचले नाही. हा लेख म्हणजे तिला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

इथवर आपले वाचक मान डोलावत असतील. दुसऱ्याला दोष देताना आपली मान लवकर डोलते. पण आपल्या घरातल्या कात्रीचे काय? आपल्या लग्नांचे व्हिडिओ काढून पाहा. नवरदेव, वऱ्हाड, काझीसाहेब, पुढारी, जेवणाच्या पंगती, सगळे आहे. ज्यांनी चार रात्री जागून ते लग्न उभे केले त्या बायका कुठेच नाहीत. पडद्याचा प्रश्न आहे, मान्य. चेहरा दाखवू नका. पण त्यांचे हात, त्यांचे आवाज, त्यांच्या नावाचा एक उल्लेख? आपल्या जलशांचे आणि बयानांचे चित्रण तासन्‌तास होते, मोबाइलवरून गावोगाव फिरते. तस्वीर हराम की हलाल हा जुना वाद तिथे कोणाला आठवत नाही. तो आठवतो शाळेच्या कार्यक्रमात मुलगी कॅमेरा हातात घेते तेव्हा. आणि काबूलचे नाव काढलेच आहे तर तेही बोलू. 2021 मध्ये अमेरिकन फौज गेली, तालिबानची सत्ता आली आणि सहावीच्या पुढे मुलींच्या शाळा बंद झाल्या. त्या मुलींच्या दिवसातून शाळा कापून टाकणारी कात्री हॉलिवूडची नव्हती. ती आपलेच नाव घेणाऱ्यांची आहे. परक्या कात्रीवर आपण लेख लिहितो आणि घरच्या कात्रीला अदब म्हणतो. हा दुटप्पीपणा जोवर आहे तोवर आपल्या तक्रारीला वजन येणार नाही.

मग करायचे काय? कोणी आपल्यावर चांगला चित्रपट काढील याची वाट पाहायची? याचे उत्तर आपल्याच मालेगावने देऊन ठेवले आहे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने आणि त्याच्या दोस्तांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ बनवला. पैसा नव्हता, साधने नव्हती. त्याने दोन व्हीसीआर जोडून स्वतःच संकलन शिकून घेतले. माझ्या दृष्टीने त्या कहाणीचा गाभा हा आहे. लग्नाचे शूटिंग करणारा कॅमेरा तेव्हाही गावोगाव होता. नासिरने कात्री हातात घेतली. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ झाला, त्यात यंत्रमागावर काम करणारा शफीक सुपरमॅन होऊन उडाला. ते चित्रीकरण चालू असताना फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. त्यात मागांचा खडखडाट आहे, गल्ल्या आहेत, हशा आहे आणि माणसे स्वतःविषयी स्वतः बोलतात. एका बाईने आमच्या गावाचा दिवस टिपला आणि तो कोणाच्या दयेचा विषय झाला नाही. 2024 साली या मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा मोठा हिंदी चित्रपटही आला. गाव सुखावले. मला मात्र एक खंत आहे. वीस-पंचवीस वर्षांत आम्ही शोले केला, सुपरमॅन केला, कांडी भरणाऱ्या बाईचा दिवस अजून केला नाही. हात शिकले, पण आपला दिवस चित्रपटाच्या लायकीचा आहे हे आम्हालाही अजून पुरते पटलेले नाही.

म्हणून मी हे काम वर्गात सुरू केले. थोर काही नाही, वह्याच आहेत. ‘मेरा एक दिन’ मुलींनी पुन्हा लिहिले. चाळीस वह्यांतून वर्गाचा मिळून एक दिवस तयार करायचा ठरला. नियम दोनच. निवड मुलींनीच करायची. आणि कोणतीही ओळ गाळायची असेल तर ती का गाळली हे जिची ओळ आहे तिला समोर बसून सांगायचे. पहिल्या दिवशी भांडणे झाली. पाणी भरण्याचे वर्णन छत्तीस वह्यांत होते. एक म्हणाली, इतक्यांदा कशाला, एकदाच ठेवू. दुसरी म्हणाली, छत्तीसही ठेवू, मग नगरपालिकेला कळेल. मी मध्ये पडले नाही. शेवटी छत्तीस ओळी राहिल्या, एकाखाली एक.

माझ्या सहकारी शिक्षकांना विनंती आहे. तुमच्या शाळेत हे करून पाहा, उर्दूत करा आणि मग मराठीतही उतरवा, कारण ज्या शेजाऱ्याला आपला दिवस माहीत नाही तो ही भाषा वाचतो. मोबाइलवर चित्रण करा, पण त्याची काटछाट मुलांच्या हातून होऊ द्या.

‘कल कुछ नहीं हुआ’ लिहिणाऱ्या मुलीने या वेळी तीन पाने लिहिली. वर्गात ती वाचायला उभी राहिली, मध्येच थांबली आणि पेन्सिलीने पाच-सहा ओळी खोडल्या. नियमाप्रमाणे मी कारण विचारले. ती म्हणाली, “ये अम्मी की बात है, आपा. ये घर में रहेगी.” बाकीची पाने तिने मोठ्या आवाजात वाचली. त्या खोडलेल्या ओळींत काय होते ते मी विचारले नाही. जगातल्या कोणालाही ते विचारण्याचा अधिकार नाही, हे तिने मला शिकवले.